शेलूच्या गाडीतील विणकाम आणि वाचन

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्या मध्ये शेलू हे लहानसे स्थानक आहे. माथेरानला जाणाऱ्या कित्येक पिढ्यांनी हे नाव केवळ खिडकीतून वाचले. शेलू आले की वरचे सामान खाली काढायचे आणि नेरळला उतरण्याची तयारी करायची, एवढाच त्या स्थानकाशी संबंध. मुंबईची व्यापारी कुटुंबे मे महिन्यात माथेरानला मुक्काम हलवीत, त्या काळी शेलूला मुद्दाम उतरावे असे काही कारण नव्हते. आता चित्र पालटले आहे. घरांच्या जाहिरातींत शेलूचे नाव ठळक अक्षरांत येते. मुलाच्या लग्नानंतर भुलेश्वरची किंवा मुलुंडची जागा अपुरी पडू लागली की घरात कोणीतरी म्हणतेच, “शेलूला एकदा बघून तर येऊ.”

बघायला आलेल्या माणसाला गाव आवडते. एका अंगाला माथेरानचा लांबच लांब डोंगर आणि त्याला बिलगलेला पेबचा किल्ला, वांगणीच्या बाजूला चंदेरीचा सुळका, दुसऱ्या अंगाला भाताची शेते आणि त्यांच्यापलीकडे उल्हास नदी. ही नदी राजमाचीच्या परिसरातील डोंगरांतून उतरते, कर्जत, नेरळ, बदलापूर या गावांना वळसे घेत खाडीकडे जाते आणि बहुतेक वाटभर लोहमार्गाची सोबत करते. लोहमार्गही कालचा नाही. कल्याणपासून खोपोलीपर्यंतचा मार्ग १२ मे १८५६ रोजी सुरू झाला, म्हणजे बोरघाटातून गाडी जाऊ लागण्याच्याही सात वर्षे आधी. पावसाळ्यात नदी आणि रूळ यांची ही सोबत कधीकधी अंगाशी येते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ही घटना अनेकांच्या स्मरणात असेल.

घर पाहायला आलेले लोक भाव विचारतात, पाण्याची सोय विचारतात, देरासर किंवा मंदिर किती अंतरावर आहे ते विचारतात. एक प्रश्न मात्र ते सहसा स्वतःलाच विचारतात आणि त्याचे उत्तर मोठ्याने देत नाहीत. शेलूहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचायला सुमारे दोन तास लागतात. जाऊन येऊन चार. घरातल्या कमावत्या माणसाच्या आयुष्यातले हे रोजचे चार तास कोणत्या खात्यावर टाकायचे?

या प्रश्नाचे एक उत्तर सकाळच्या गाडीत महिलांच्या डब्यात पाहायला मिळते. कर्जतहून निघालेली गाडी भिवपुरी रोड आणि नेरळ करून शेलूला येते, तेव्हा डब्यात बसायला जागा मिळण्याची थोडीफार आशा असते. बदलापूरनंतर ती राहत नाही. जागा मिळताच काही जणी डोळे मिटतात, काही जपमाळ काढतात, कोणी संध्याकाळच्या भाजीच्या शेंगा सोलायला घेते. आणि थंडीचे दिवस जवळ आले की डब्याच्या कोपऱ्याकोपऱ्यातून सुया बाहेर पडतात. कापडी पिशवीत तळाशी लोकरीचा गुंडा, त्यावर अर्धे विणलेले काम, आणि त्याच पिशवीच्या आतल्या कप्प्यात वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले पुस्तक.

मुंबईत स्वेटर घालतो कोण, असा प्रश्न दक्षिण मुंबईतील माणूस विचारील. त्याने डिसेंबर-जानेवारीत पहाटे शेलूच्या फलाटावर उभे राहून पाहावे. डोंगराच्या पायथ्याचा हा पट्टा रात्री चटकन निवतो. कुलाब्यात पंखा चालू असतो, त्याच पहाटे बदलापूर-कर्जत बाजूला पारा कितीतरी खाली उतरलेला असतो. फलाटावर कानटोप्या आणि मफलर दिसतात आणि त्यांतील बरेचसे हातांनी विणलेले असतात. दुकानात तयार स्वेटर स्वस्त मिळतो, हे विणणारीलाही ठाऊक असते. पैशाची बचत हे तिचे कारण नसते.

सध्या सुयांवर काय काय आहे, याची एक फेरी मारली तर यादी मोठी रंजक होते. बाळंतविड्यातील झबले, टोपडे आणि मोजे हा तर सदासर्वकाळचा विषय. त्याला शंभर-दीडशे ग्रॅम लोकर पुरते आणि घरात कोणाला दिवस गेले आहेत ही बातमी डब्यात फिक्या पिवळ्या रंगाच्या गुंड्यावरूनच समजते. सासऱ्यांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर, शाळेच्या गणवेशाच्या रंगाची टोपी, क्रोशाने केलेला देवघरातील रुमाल, दाराचे तोरण. एखादी धीट बाई वेणीच्या नक्षीची शाल घेऊन बसते. तीत दर सहाव्या किंवा आठव्या ओळीला टाके एका तिसऱ्या सुईवर घेऊन अदलाबदल करावे लागतात, आणि नेमके त्याच वेळी बदलापूर येते.

व्यापारी घरातल्या वाचकांना हिशेबाशिवाय चैन पडत नाही, तेव्हा तोही करून टाकावा. मध्यम जाडीच्या लोकरीत इंचाला पाच टाके बसतात असे धरू. चाळीस इंच घेराच्या बिनबाह्यांच्या स्वेटरची पाठ वीस इंच रुंद, म्हणजे १०० टाक्यांची ओळ. सराईत हात मिनिटाला वीस टाके विणतो असे मानले तर एका ओळीला पाच मिनिटे लागतात. इंचाला सात ओळी आणि लांबी चोवीस इंच, म्हणजे १६८ ओळी. वेळ १४ तास. पुढचा भागही तेवढाच. मुंढे आणि गळा कापताना टाके कमी होतात, पण त्यांच्या पट्ट्या आणि शिवण यांत वाचलेला वेळ परत जातो आणि थोडा वरही लागतो. एकूण ३० तास धरायला हरकत नाही. सकाळच्या प्रवासात सव्वा तास हात मोकळे मिळाले आणि महिन्याचे कामाचे दिवस चोवीस असले तर बरोबर ३० तास भरतात. एका महिन्याच्या पासात एक स्वेटर! संध्याकाळचा प्रवास या हिशेबात धरलेलाच नाही, कारण संध्याकाळी बसायला जागा कोण देणार?

जैन घरातल्या नोकरदार स्त्रीच्या संध्याकाळला आणखी एक अट असते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. रात्रीभोजनाचा त्याग असणारी बाई पाचला कामावरून सुटली तर सूर्यास्ताला गाडी फार तर ठाण्याच्या आसपास असते. म्हणून सकाळी घरून निघतानाच दोन डबे भरलेले असतात आणि संध्याकाळचा डबा गाडीत, प्रसंगी उभ्याउभ्या, उरकला जातो. त्यानंतर हात धुऊन पुसल्यावरच लोकर बाहेर येते. तेलकट बोटे लोकरीला लागता कामा नयेत, हा नियम कोणत्याही शास्त्रात नसला तरी कडकपणे पाळला जातो.

आता पुस्तकांविषयी. विणता विणता वाचता येते का, असा प्रश्न न विणणारे लोक विचारतात. येते; मात्र प्रत्येक विणीबरोबर प्रत्येक पुस्तक जात नाही, हे अनुभवानेच कळते. सर्व ओळी सुलट टाक्यांच्या असल्या तर बोटे आपले काम आपण करतात आणि डोळे पानावर राहू शकतात. पुस्तक मांडीवर उघडे राहावे म्हणून कपडे वाळत घालण्याचा चिमटा पानांना लावतात. याहून चांगले साधन बाजारात अजून आलेले नाही. एक सुलट, एक उलट अशी साबुदाण्याची वीण असेल तर छोट्या छोट्या प्रकरणांचे पुस्तक बरे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ यासाठी अगदी योग्य. प्रसंग लहान, भाषा बोलण्यासारखी, आणि हसू आले तरी टाका सुटत नाही. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ महिन्यामहिन्याने चालते. ते वर्षभर पिशवीत ठेवावे आणि जो महिना चालू असेल तो लेख वाचावा. या गाडीच्या खिडकीतून ते पुस्तक ताडूनही पाहता येते, कारण वांगणी ते नेरळ पट्ट्यातील पळस, सावर आणि भाताची खाचरे महिना चुकवीत नाहीत. जाळीची वीण घेतली असेल तर मात्र पुस्तक मिटूनच ठेवावे. जाळीत दोन टाके एकत्र विणायचे, एक वाढवायचा, अशी मोजणी अखंड चालते आणि कादंबरीतला खून व विणीतले छिद्र एकाच वेळी सांभाळणे कोणालाही जमलेले नाही. ॲगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलबाई विणता विणता खुनाचा छडा लावतात हे खरे, पण त्या बहुधा साधीच वीण घेत असाव्यात.

विणणाऱ्या स्त्रीचे साहित्यातले सर्वांत भीषण चित्र चार्ल्स डिकन्सच्या १८५९ मधील ‘ए टेल ऑफ टू सिटीज’ या कादंबरीत आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील मादाम दफार्ज ही दारूच्या दुकानाची मालकीण शांतपणे विणत बसते, आणि ज्यांना मृत्युदंड द्यायचा त्यांची नावे खुणेच्या टाक्यांत विणीमध्ये नोंदवून ठेवते. ही लोकरीची खातेवही कोणाला वाचता येत नाही आणि तीतली नोंद खोडताही येत नाही. हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहिले तर यात एक चूक आहे. विणलेले उसवता येते. एक धागा ओढला की ओळीच्या ओळी सुटत जातात आणि लोकर पुन्हा जशीच्या तशी हाती येते. घराघरांतून थोरल्याचा स्वेटर उसवून धाकट्याचा विणला गेला तो याच गुणामुळे.

याचे कारण विणण्याच्या रीतीतच आहे. मराठीत मागावरच्या कामालाही विणणे म्हणतात आणि सुयांवरच्या कामालाही. पण मागावर उभे आणि आडवे असे दोन वेगळे धागे एकमेकांत अडकतात. सुयांवर एकच अखंड धागा स्वतःच्याच फासातून पुन्हा पुन्हा ओढला जातो. म्हणून ते कापड ताणले जाते, अंगाबरोबर हलते आणि एक टाका गळाला तर शिडीसारखे खालपर्यंत उसवत जाते. भाषेने पुस्तकाचे शब्दही याच धंद्यातून घेतले आहेत. सूत्र म्हणजे धागा. ग्रंथ हा शब्द बांधणे, गुंफणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. ग्रंथी म्हणजे गाठ. ज्यांच्या साऱ्या गाठी सुटल्या ते निर्ग्रंथ, हे जैन साधूंचे प्राचीन नाव तर वाचकांच्या परिचयाचेच आहे. त्या निर्ग्रंथांची वाणी ग्रंथांत आणि सूत्रांत बांधून ठेवली गेली, यात भाषेने थोडी गंमतच केली आहे.

पिशवीतली पुस्तके येतात कोठून? या बाबतीत कर्जत मार्ग भाग्यवान आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररी १९८६ पासून चालू आहे. शेलूपासून दुसऱ्याच स्थानकावर, बदलापुरात, श्याम जोशी यांनी उभे केलेले ग्रंथसखा वाचनालय आहे. जुन्या मराठी ग्रंथांसाठी अभ्यासक लांबून तेथे येतात. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी भारतात आली आणि मराठी पुस्तके कानांनी ऐकण्याची सोय झाली, तेव्हापासून जाळीची वीण विणणाऱ्यांचीही अडचण थोडी दूर झाली आहे. तरी डब्यात कागदी पुस्तक अजून टिकून आहे. त्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. ऐकलेले पुस्तक शेजारणीला वाचायला देता येत नाही.

लोकरीचा उगम मात्र फार लांबचा आहे. दादर किंवा काळबादेवीच्या दुकानातून आलेल्या बहुतेक गुंड्यांवरच्या पट्टीवर लुधियानाचे नाव असते. तेथील ओसवाल जैन घराण्यांनी स्वातंत्र्योत्तर काळात लोकर आणि सूत यांचे मोठे कारखाने उभारले. त्यांतील एकाचे नाव वर्धमान, आणि ते का ठेवले असेल हे या वाचकांना समजावून सांगायला नको. गुंड्याला सर्रास लोकर म्हटले तरी आज घरगुती विणकामात येणारा धागा बहुतांशी ॲक्रिलिकचा, म्हणजे रासायनिक तंतूचा असतो. तो यंत्रात धुता येतो, त्याला कसर लागत नाही आणि त्यात कोणत्याही प्राण्याचा संबंध येत नाही. रेशमाचा धागा जैन घरात शक्यतो येत नाही. मेंढीच्या लोकरीविषयी घराघरांत वेगवेगळी मते आहेत; सामायिकाचे कटासणे लोकरीचे असते, असा दाखला एक बाजू देते, तर आजची कातरणी पूर्वीसारखी राहिली नाही असे दुसरी बाजू म्हणते. हा वाद डब्यात कल्याणपर्यंत सहज पुरतो. एवढे मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावे की ॲक्रिलिक आगीजवळ वितळते. स्वयंपाकघरात वावरताना अंगावर तो स्वेटर नसलेला बरा.

मापांच्या बाबतीतही जुने आणि नवे शेजारी शेजारी नांदतात. जुन्या बायका वितीने आणि बोटांनी मोजतात. सुयांचे नंबर ब्रिटिश काळातलेच चालत आले आहेत. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यामुळे नवशिकी हमखास चुकते. १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची आणि ८ नंबरची चार मिलिमीटरची. एलिझाबेथ झिमरमन या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या बाईंचे ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक १९७१ मध्ये निघाले. त्यांनी मांडलेली टक्केवारीची पद्धत व्यापारी घराण्यातल्या सुनांना एकदम पटेल. छातीच्या घेराचे टाके म्हणजे १०० टक्के. मनगटाला त्याचे २० टक्के, दंडाला सुमारे ३३ टक्के, गळ्याला ४० टक्के. छत्तीस इंच घेर आणि इंचाला पाच टाके, म्हणजे १८० टाके. तर मनगट ३६, दंड ६०, गळा ७२. एक आकडा कळला की बाकीचे आपोआप येतात. नमुन्याचे पुस्तक विकत घेण्याची गरजच उरत नाही.

शेलूच्या एका नव्या इमारतीत अशाच टक्केवारीशिवाय साठ वर्षे विणत आलेल्या एक बाई राहतात. नेरळच्या बाजारात ज्यांचे किराणा मालाचे दुकान होते अशा मारवाडी जैन कुटुंबातल्या. इमारतीत सगळे त्यांना काकी म्हणतात. १९६२ च्या चीन युद्धात सीमेवरच्या जवानांसाठी देशभर स्त्रिया स्वेटर विणत होत्या, त्या वेळी शाळेत शिकणाऱ्या काकींच्या हाती पहिल्यांदा सुया आल्या. पर्युषणाचे आठ दिवस सोडले तर त्या हातांतून कधी गेल्या नाहीत. पुस्तकांचेही तसेच. दुकानाच्या गल्ल्यावर बसून त्यांनी वाचनालयातल्या कपाटांमागून कपाटे वाचून संपवली.

तीन वर्षांपूर्वी वाचन थांबले. वयोमानाने दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत गेला. अशा आजारात माणूस घरात वावरू शकतो, जिना उतरू शकतो, पण ज्याच्याकडे नीट पाहावे तेच पुसट होते. अक्षरे गेली. विणकाम राहिले, कारण सराईत विणकाम डोळ्यांचे नसतेच, बोटांच्या टोकांचे असते. शेजारच्या वांगणीत दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यांतील अनेक जण लोकलमध्ये वस्तू विकून संसार चालवतात; बोटे काय काय ओळखू शकतात हे कर्जतच्या गाडीने जाणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. काकींनी तेवढी व्यवस्था करून घेतली. लोकर थोडी जाड आणि फिक्या रंगाची, सुया गडद रंगाच्या, ओळी मोजायला फळीवर चिंचोके. पण पुस्तकावाचून दुपारी खायला उठत. मुलगा म्हणाला, फोनवर ऐकत जा. त्यांनी चार दिवस ऐकले आणि ठेवून दिले. तो आवाज मधे थांबवून त्याच्याशी बोलता येत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

त्याच मजल्यावर परळच्या एका रुग्णालयात हिशेबाचे काम करणारी एक तरुण स्त्री राहते. गाडीत सगळ्या विणतात आणि आपल्याला येत नाही, याची तिला रुखरुख होती. सौदा ठरायला वेळ लागला नाही. दर रविवारी दुपारी दीड तास तिने वाचायचे, काकींनी विणायचे. शेवटचा अर्धा तास काकींनी शिकवायचे. व्यापारी घरातल्या बाईने ठरवलेला व्यवहार असल्यामुळे तो दोन्ही बाजूंनी चोख पाळला जातो.

“काकी, आज इथंच थांबूया का?” ती विचारते.

“थांबायचं कशाला? अगं, या ओळीचे अजून साठ टाके आहेत. तेवढं वाच.”

आरंभ रमाबाई रानड्यांच्या १९१० मधील आठवणींपासून झाला. नवऱ्याने बायकोला शिकवावे आणि घरातल्याच बायकांनी त्यासाठी तिला छळावे, हा भाग ऐकताना काकींच्या सुया थांबल्या होत्या असे ती सांगते. पुढे ‘स्मृतिचित्रे’ झाले. त्या वेळी काकींच्या सुयांवर पणतीचे टोपडे होते आणि पुस्तक लांबत गेल्यामुळे टोपड्याबरोबर मोजे, मग झबले, मग पायघोळ अंगरखा असा पुरा संच तयार झाला. एकदा वाचनाच्या ओघात दहा-बारा ओळी खाली एक टाका गळाला. वाचणाऱ्या मुलीच्या ते ध्यानातही आले नाही. काकींनी विणलेल्या भागावरून अंगठा फिरवला, एका जागी थांबल्या आणि क्रोशाची सुई मागितली. बारा ओळींची शिडी त्यांनी न पाहता वर चढवून आणली.

सध्या गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी चालू आहे. मुंबई सोडून राजमाचीच्या परिसरातल्या आपल्या जुन्या जागी परतलेल्या एका म्हाताऱ्याची ती कथा. शेलूच्या घरात ती वाचली जाताना ऐकणारे कान दोनाचे चार झाले आहेत. तरुणीचे सासरेही हल्ली रविवारी येऊन बसतात. ते लालबागचे. गिरणीत साचे खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, त्यांतलेच एक. गिरण्या गेल्या, तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि गिरणी कामगारांना घरे देण्याचा प्रश्न अजून चालूच आहे. त्यांच्यासाठी शेलू आणि वांगणी येथे सुमारे ८१ हजार घरे बांधण्याची सरकारी योजना पुढे आली, तेव्हा कामगार संघटनांनी तिला विरोध केला. मुंबईत राबलेल्या माणसाला मुंबईतच घर हवे, अशी त्यांची मागणी. २०२५ च्या जुलैमध्ये आझाद मैदानावर त्यासाठी मोठे आंदोलनही झाले. वर्तमानपत्रांतून शेलूचे नाव त्या काळात पुन्हा पुन्हा आले आणि ते बहुतेक वेळा लांबच्या, गैरसोयीच्या जागेचे नाव म्हणून आले. शेलूच्या जुन्या रहिवाशांना ते थोडे लागले असणार.

सासरे मुलाच्या कर्जाने घेतलेल्या घरात आधीच शेलूला राहायला आले आहेत, त्यामुळे त्यांची स्थिती जरा विचित्र आहे. गाव त्यांना आवडते. नदीवर फिरायला जातात. तरी अर्जाचा विषय निघाला की आवाज चढतो. “हवा चांगली आहे, कोण नाही म्हणतंय? पण मी अर्ज हवेसाठी केला नव्हता.” बुधा स्वतःच्या मनाने डोंगरावर परत गेला, त्याला कोणी पाठवले नव्हते, हे त्यांनी कादंबरीच्या दुसऱ्याच रविवारी बोलून दाखवले. त्यावर काकी काही बोलल्या नाहीत. नेरळचे दुकान विकून मुलाच्या सोयीसाठी इमारतीत राहायला येणे त्यांच्याही मनाचे कितपत होते, कोण जाणे.

मागावर आयुष्य काढलेल्या माणसाला सुयांवरचे काम पाहून आरंभी हसू येई. एका धाग्याचे कापड ते काय, असे ते म्हणत. एके रविवारी काकींनी त्यांच्या हातात विणलेला तुकडा देऊन तो ताणायला सांगितला. त्यांनी ताणला, सोडला, पुन्हा ताणला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि इंचाला किती टाके बसतात ते विचारले. धंद्यातल्या माणसाचा प्रश्न होता तो. त्यानंतर सुनेच्या विणकामावर त्यांची बारीक नजर असते. कडेचा ताण सैल पडला आहे, हे त्यांनीच तिला दाखवून दिले, आणि काकींनी बोटांनी तपासून त्याला दुजोरा दिला.

तिच्या सुयांवरचे पहिले काम त्यांच्यासाठीच आहे. राखाडी रंगाचा मफलर, ४० टाके रुंद, सगळ्या ओळी सुलट. सकाळच्या गाडीत ती तो काढते. बदलापूरपर्यंत कोपर हलवायला जागा असते, तेवढ्यात चार-सहा ओळी होतात. नंतर पिशवी बंद करून पुस्तकाची पुढची पाने डोळ्यांखालून घालते, कारण रविवारी काकींसमोर अडखळलेले चालत नाही. थंडी असेपर्यंत मफलर पुरा व्हायला हवा. संक्रांत जवळ आली आहे आणि तो अजून दोन हातच लांब झाला आहे.